दोन वर्षांचा कायदा, चाळीस वर्षांचा आजार : धाटाव, घाटकोपर आणि रॉचडेल

#थ्रेड

१/
रोह्याहून कुंडलिकेच्या काठाने थोडे पुढे गेले की धाटाव लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि पुढे भातशेतीच्या या पट्ट्यात रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. त्या पिढीच्या रासायनिक कारखान्यांत वाफेच्या नळ्यांवरचे वेष्टन, गॅस्केट, दोरीचे पॅकिंग आणि छपराचे सिमेंटचे पत्रे यांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरला जाई.

२/
एक कल्पित कुटुंब डोळ्यांसमोर आणू. घरातील कर्त्या पुरुषाने १९८० ते १९९० ही दहा वर्षे एका कंत्राटदाराकडे फिटरचा मदतनीस म्हणून काढली. जुने वेष्टन खरवडून काढणे आणि नवे चढवणे हे त्याचे काम. तीस वर्षांनी त्याच्या छातीत पाणी होते. मुंबईच्या रुग्णालयात निदान होते : मेसोथेलिओमा. कुटुंब कल्पित असले तरी त्याच्यापुढचा प्रश्न खरा आहे. या मृत्यूचा जाब कोणाला, कोणत्या कायद्याने विचारायचा?

३/
या प्रश्नाचे उत्तर कठीण का आहे, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे. ते पिंजले की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू होतात. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत आणि श्वासावाटे फुप्फुसात गेले की तेथेच राहतात. त्यांमुळे फुप्फुस कठीण होत जाते (ॲस्बेस्टोसिस), फुप्फुसाचा कर्करोग होतो किंवा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा होतो. पहिला श्वास आणि मेसोथेलिओमाचे निदान यांत साधारणतः वीस ते चाळीस वर्षे जातात, कधी त्याहूनही अधिक. हे अंतर लक्षात ठेवावे. पुढचा सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

४/
१४ मार्च १९२४. इंग्लंडमधील रॉचडेल. टर्नर ब्रदर्स ॲस्बेस्टॉस या कंपनीत सूत कातणारी नेली केर्शॉ ही कामगार स्त्री वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावली. आजारपणात तिने भरपाई मागितली होती. कंपनीने जबाबदारी नाकारली. अंत्यविधीचा खर्च देण्यासही कंपनी तयार झाली नाही. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला आणि १९२७ मध्ये या आजाराला ‘ॲस्बेस्टोसिस’ हे नाव दिले.

५/
त्याच वर्षी, १ जुलै १९२४ रोजी, भारतात कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ अमलात आला. केंद्रीय विधिमंडळात त्या काळी कामगारांचे नामनियुक्त प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी. सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक आणि आयटकच्या उभारणीतील अग्रणी असलेल्या ना. मं.चा जन्म तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. धाटावच्या कुटुंबाला उपयोगी पडणाऱ्या पहिल्या कायद्याच्या इतिहासात याच जिल्ह्यातील माणसाचे नाव आहे.

६/
या कायद्याने एक मोठी क्रांती केली. कारखान्यात हात तुटला तर मालकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर राहिली नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढे पुरे झाले. मात्र कायद्याच्या मनातील चित्र अपघाताचे होते : पट्ट्यात अडकलेला हात, फुटलेला बॉयलर, ठरावीक दिवस, ठरावीक वेळ. आजारांसाठी वेगळी यादी जोडून ‘व्यवसायजन्य व्याधी हा अपघातच मानावा’ अशी तडजोड करण्यात आली. १९२३ च्या यादीत ॲस्बेस्टोसिस असणे शक्यच नव्हते. तोवर त्या आजाराला नावही मिळालेले नव्हते.

७/
ब्रिटनमध्ये मात्र पुरावा झपाट्याने साचत गेला. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आजाराविषयीचा अहवाल संसदेला दिला. १९३१ मध्ये धूळ खेचून घेणाऱ्या यंत्रणेची सक्ती करणारे नियम झाले. धूळ घातक आहे, हे सरकारदरबारी मान्य होऊन तीन वर्षे झाली असताना, १९३४ मध्ये, ॲस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड ही कंपनी भारतात स्थापन झाली. तिचा पहिला कारखाना मध्य भारतातील कैमूरचा. त्याच दशकात मुंबईजवळ मुलुंडलाही उत्पादन सुरू झाले. या कंपनीचे धागेदोरे रॉचडेलच्या टर्नर अँड न्यूअल समूहाशी जुळलेले होते.

८/
म्हणून ‘तेव्हा कोणाला ठाऊक होते?’ हा बचाव इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ॲस्बेस्टोसिसविषयी १९३० पर्यंत ठाऊक होते. फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी रॉचडेलच्याच कामगारांच्या अभ्यासातून दाखवला. १९६० मध्ये वॅग्नर, स्लेग्ज आणि मारशाँ यांनी दक्षिण आफ्रिकेतील मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतील अनेकांनी खाणीत कधी कामही केले नव्हते; ते केवळ खाणींच्या परिसरात राहिले होते.

९/
आता घाटकोपर. हर्बर्ट फ्रूड या इंग्रज गृहस्थाने १८९७ मध्ये घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी घर्षणपट्ट्या बनवण्यास आरंभ केला. आपल्या आडनावाची अक्षरे फिरवून, त्यांत एका अक्षराची भर घालून त्याने ‘फेरोडो’ हे नाव घडवले. पुढे ही कंपनी टर्नर अँड न्यूअलमध्ये विलीन झाली. तिच्या नावाने घाटकोपरला उभा राहिलेला कारखाना म्हणजे हिंदुस्थान फेरोडो, नंतरची हिंदुस्थान कंपोझिट्स. ब्रेक लायनिंग, क्लच फेसिंग आणि ॲस्बेस्टॉसचे कापड तेथे तयार होई. कोकणातून मुंबईत पोट भरायला गेलेल्या माणसासाठी अशा कंपनीतली कायम नोकरी म्हणजे नशीब उघडणे होते.

१०/
या कारखान्यातील कामगारांची स्वतंत्र वैद्यकीय तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. २३२ पैकी १८१ कायम कामगारांनी तपासणी करून घेतली. त्यांतील पाचांतील एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टोसिस आढळला. या अभ्यासाची भूमिका मांडताना लेखकांनी नोंदवलेला आकडा अधिकच अस्वस्थ करणारा आहे : भारतात ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या अंदाजे एक लाख कामगारांपैकी तोवर तीसपेक्षाही कमी जणांना भरपाई मिळाली होती.

११/
एवढी तफावत कशी? त्याच लेखात कारणे दिली आहेत. व्यवस्थापनाने करवून घेतलेल्या तपासण्यांतून कामगारांना प्रमाणपत्रे मिळत नसत. व्यवसायजन्य आजार ओळखण्याचे शिक्षण डॉक्टरांना नसे. ॲस्बेस्टोसिसला क्षयरोग किंवा जुनाट खोकला ठरवले जाई. कायद्याच्या दारापर्यंत जाण्याआधीच दावा दवाखान्यात संपत असे. ज्या आजाराचे नाव केसपेपरवर नाही, त्याची भरपाई कोणताही आयुक्त देऊ शकत नाही.

१२/
पहिले दार : १९२३ चाच कायदा. (२००९ च्या दुरुस्तीनंतर तो ‘कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम’ झाला.) पुढील दुरुस्त्यांनंतर त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टोसिस आला आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमाही आला. कागदावर कुटुंबाची बाजू भक्कम झाली. अडचण कलम १० मध्ये होती. नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत आजाराची लक्षणे दिसली, तर ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा दिवस मानावा, असे ते कलम सांगे. दावा दाखल करण्याची सामान्य मुदतही दोन वर्षांचीच.

१३/
दोन वर्षे आणि वीस ते चाळीस वर्षे. आजाराला यादीत स्थान देणाऱ्या कायद्याने त्या आजाराच्या स्वभावाकडे पाहिले नाही. १९९० मध्ये काम सोडलेल्या माणसाला १९९२ पर्यंत मेसोथेलिओमा होणे जवळजवळ अशक्य. आणि तो झाला तेव्हा हे कलम त्याच्या बाजूने बोलत नाही. एक फट मात्र कायद्यानेच ठेवली होती : पुरेसे कारण असल्यास उशिरा आलेला दावा दाखल करून घेण्याचा अधिकार आयुक्ताला होता. मुदत ओलांडलेल्या कुटुंबाची लढाई त्यामुळे प्रथम ‘उशीर का झाला’ या प्रश्नावर लढावी लागे. निदानाची तारीख असलेला वैद्यकीय कागद येथे सर्वांत मोलाचा ठरतो.

१४/
भरपाईचे गणितही याच घड्याळावर चाले. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा निम्मा भाग वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचा. सोळा वर्षांच्या मुलासाठी गुणक २२८.५४; पासष्टी गाठलेल्यासाठी ९९.३७. तरुणपणी मरणाऱ्याच्या कुटुंबाचे नुकसान मोठे, हा त्यामागचा तर्क अपघाताला लागू पडतो. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत मात्र इजा तरुणपणी होते आणि किंमत म्हातारपणाची लागते.

१५/
कंत्राटी कामगाराचे काय? त्याच कायद्याच्या कलम १२ ने याचा विचार १९२३ पासूनच केला होता. जे काम मूळ मालकाच्या व्यवसायाचा नेहमीचा भाग आहे, ते कंत्राटदाराकरवी करून घेतले तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते. त्याने ती रक्कम नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. आपल्या कल्पित मदतनीसासाठी ही तरतूद महत्त्वाची, कारण कंत्राटदार बदलतात, मरतात, नाहीसे होतात. कारखान्याचा पत्ता सहसा राहतो. अवघड असते ते सिद्ध करणे, की अमुक वर्षी हा माणूस त्या फाटकातून आत जात होता.

१६/
दुसरे दार : कर्मचारी राज्य विमा. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये दिलेल्या अहवालातून १९४८ चा कायदा आकारास आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. तिच्या यादीतही ॲस्बेस्टॉसचे कर्करोग आहेत आणि विमाधारकाच्या मृत्यूनंतर अवलंबितांना नियमित लाभ मिळतो. परंतु योजना विभागवार अधिसूचना काढून लागू होत गेली आणि वेतनमर्यादेच्या आतील कामगारांपुरतीच राहिली. म्हणून प्रश्न असा : त्या वर्षी, त्या गावात, त्या माणसाच्या नावाने विमा क्रमांक होता काय?

१७/
ही दोन दारे एकाच वेळी उघडत नाहीत. विमा योजनेखाली येणाऱ्या कामगाराला त्याच इजेसाठी १९२३ च्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ए. ट्रेहान खटल्यात स्पष्ट केले. पहिल्याच पावलावर चुकीचे दार ठोठावणारे कुटुंब अशा वेळी मौल्यवान वर्षे गमावते.

१८/
तिसरे दार सर्वांत जुने : प्राणघातक अपघात अधिनियम, १८५५. मुंबई–ठाणे रेल्वे सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती. इंग्लंडमध्ये १८४६ मध्ये झालेल्या कायद्याच्या धर्तीवर, दुसऱ्याच्या चुकीमुळे मृत्यू झाला तर पती, पत्नी, आईवडील व मुले यांना दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागण्याचा हक्क येथे देण्यात आला. या दाव्याची मुदतही दोनच वर्षे. पण ती मोजायची मृत्यूच्या दिवसापासून. नोकरी कधी सुटली, हा प्रश्न तेथे मुदतीच्या आड येत नाही. त्याच्या बदल्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागते, आणि त्यासाठी १९३० पासूनचा तो सारा वैद्यकीय इतिहास पुरावा म्हणून उभा करावा लागतो.

१९/
या दाराचे आणखी एक महत्त्व आहे. धुळीने भरलेले कपडे घरी येत आणि ते बायको किंवा आई धुई, झटके. १९६५ मध्ये लंडनमधील न्यूहाउस आणि टॉम्प्सन यांच्या अभ्यासाने अशा घरगुती संपर्कातूनही मेसोथेलिओमा होतो, हे दाखवून दिले. ही स्त्री कोणाचीच कामगार नव्हती. म्हणून पहिली दोन्ही दारे तिच्यासाठी बंद. तिच्या मुलांना उरतो तो दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता.

२०/
२७ जानेवारी १९९५ हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भारतीय दिवस. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो निवृत्तीनंतरही संपत नाही. गुजरातमधील संबंधित कामगारांची राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेकडून फेरतपासणी करावी आणि ज्यांना आजार आढळेल त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये तीन महिन्यांत द्यावेत, असा आदेश झाला.

२१/
त्याच निकालातील दुसरा आदेश कमी गाजला, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो विशेष वाचावा. ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कारखान्याने प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपून ठेवावी. आजार किती काळ दबा धरून बसतो, हे भारतीय कायद्याने येथे उघडपणे मान्य केले. एका कायद्यातील दोन वर्षांसमोर न्यायालयाने चाळीस वर्षे ठेवली. दाव्याची मुदत त्यामुळे बदलली नाही. पुरावा जपण्याची मुदत मात्र बदलली.

२२/
२०११ मध्ये कल्याणेश्वरी खटल्यात ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. १९९५ च्या निर्देशांचे पालन व्हावे, यावर मात्र पुन्हा भर दिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८६ च्या ॲस्बेस्टॉस करारास भारताने संमती दिलेली नाही. ब्रिटनने १९९९ मध्ये बंदी घातली. आज साठहून अधिक देशांत ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. भारतात पांढरा ॲस्बेस्टॉस आयात होतो आणि पत्रे बनत राहतात.

२३/
सीमेपलीकडचे दार. २० जुलै २००० रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने केप या ब्रिटिश कंपनीविरुद्ध दक्षिण आफ्रिकेतील पीडितांना इंग्लंडमध्ये दावा चालवण्याची मुभा दिली. २००३ मध्ये ७५ लाख पौंडांची तडजोड झाली. टर्नर अँड न्यूअल १९९८ मध्ये फेडरल-मोगल या अमेरिकी कंपनीने विकत घेतली. दाव्यांच्या ओझ्याखाली २००१ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि पुढे पीडितांसाठी विश्वस्त निधी उभे राहिले. मातृकंपनी परदेशी असेल तेव्हा एखाद्या हजेरीपटावरील वर्ष, म्हणजे त्या वर्षी मालकी कोणाची होती हा प्रश्न, किती मोलाचा ठरू शकतो, हे यातून कळते.

२४/
अनेक ठिकाणी काम केलेल्या माणसाच्या फुप्फुसात कोणाचा तंतू घातक ठरला, हे विज्ञान सांगू शकत नाही. २० जून २००२ रोजी फेअरचाइल्ड खटल्यात ब्रिटिश न्यायाधीशांनी म्हटले, की ज्या ज्या मालकाने निष्काळजीपणे धोका वाढवला, तो तो जबाबदार. कोड्याचे उत्तर नाही म्हणून पीडिताने रिकाम्या हाती जाऊ नये. हा निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही. मात्र धाटावसारख्या वसाहतीत एका कंत्राटावरून दुसऱ्या कंत्राटावर फिरलेल्या कामगारासाठी युक्तिवाद म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

२५/
चौथी गोष्ट दाव्याची नसून नोंदीची आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८९ प्रमाणे, कारखान्यात काम करणाऱ्या किंवा केलेल्या माणसाला अधिसूचित व्याधी असल्याचे वाटल्यास डॉक्टरने मुख्य कारखाने निरीक्षकांना लेखी कळवणे बंधनकारक होते. ॲस्बेस्टोसिस त्या यादीत होता. न कळवल्यास दंड होता : जास्तीत जास्त एक हजार रुपये. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याला स्वतःची आरोग्यनोंद पाहण्याचा हक्क मिळाला. कायद्यात हक्क होता. तो मागायचा असतो, हे सांगणारा माणूस मात्र फाटकावर नसे.

२६/
नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९२३ व १९४८ चे हे कायदे सामाजिक सुरक्षा संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा संहिता यांत सामावले. व्यवसायजन्य व्याधींची यादी नव्या संहितेतही आहे. आज दावा करणाऱ्या कुटुंबाने कलमांचे क्रमांक आणि मुदती नव्या संहितेतून, वकील किंवा कामगार संघटनेकरवी तपासून घ्याव्यात. दारांची रचना कशी घडली, ते मात्र जुन्या कायद्यांतच वाचावे लागते.

२७/
आता पुन्हा धाटावच्या त्या घरात येऊ. त्या कुटुंबाकडे काय असेल तर त्याची बाजू उभी राहते? बायोप्सीचा अहवाल आणि त्यावरची तारीख. डॉक्टरने लिहून घेतलेला कामाचा इतिहास : कोणत्या वर्षी, कोठे, कोणते काम. भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी, विमा कार्ड, गेटपास, वेतनपावती. आणि हयात सहकाऱ्यांची शपथपत्रे : ‘आम्ही एकत्र वेष्टन खरवडत होतो.’ माणूस गेल्यावर यांतील पहिल्या दोन गोष्टी मिळवणे फार कठीण होते. म्हणून त्या तो बोलू शकत असतानाच करून घ्याव्या लागतात.

२८/
इतिहासाचे विद्यार्थी अशा कागदांना साधने म्हणतात. दप्तरखान्यात राजांचे कागद जपले गेले. कंत्राटी मदतनीसाचा गेटपास कोणी जपला नाही. नेली केर्शॉची कहाणी आज सांगता येते, कारण एका डॉक्टरने तिची फुप्फुसे तपासून लिहून ठेवले. घाटकोपरच्या कामगारांची सांगता येते, कारण १८१ माणसे तपासणीला उभी राहिली आणि कोणीतरी ते छापले. रोह्याच्या बाजूला ज्या घरांत जुन्या पत्र्याच्या पेटीत कोणाचे कार्ड, कोणाची पावती पडून असेल, त्यांनी ती टाकून देऊ नये. कायद्याने मागितलेल्या चाळीस वर्षांची नोंद कारखान्याने ठेवली नसेल, तर ती त्या पेटीतच आहे.

(समाप्त)